राहत्या घरातली खोली भाड्याने देताय? करार, नोंदणी आणि लागणारी कागदपत्रं

पुण्यात सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली खोली शोधत जिने चढत-उतरत असतात. त्याच जिन्यांवर अशी घरं असतात, जिथली लेकरं परगावी गेली आणि आईवडिलांना दोन खोल्या मोठ्या झाल्या. खोली द्यायची इच्छा असते, पण कागदांचं नाव काढलं की एकच उत्तर येतं: ‘आम्ही इथेच राहतो ना, मग करार कशाला?’ हा समज मनापासून दूर करावासा वाटतो, कारण त्यात नुकसान घरमालकाचंच होतं.

सुरुवात घरापासून करू. मालकी सिद्ध करणारा कागद म्हणजे खरेदीखत किंवा सूची क्रमांक दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे ‘इंडेक्स टू’) तुमच्या नावावर हवा. घर भावाबहिणींच्या सामाईक नावावर असेल तर सगळ्यांना करारात घ्या, नाहीतर त्यांचं कुलमुखत्यारपत्र लागेल. जुन्या वाड्यात तुम्ही स्वतःच भाडेकरू किंवा पागडीवाले असाल, तर मूळ मालकाच्या परवानगीशिवाय खोली देऊच नका. पोटभाडेकरू ठेवला म्हणून मालक तुम्हालाच जागा खाली करायला लावू शकतो, तशी तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये आहे. आणि वाड्याला महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागलेली असेल, तर भाड्याचा विचार सोडून द्या. परक्याचं लेकरू तुमच्या भरवशावर तिथे झोपणार असतं.

भाडे नियंत्रण कायद्यातच पेइंग गेस्टची व्याख्या आहे: मालक स्वतः राहतो त्या जागेचा काही भाग परवान्याने वापरायला दिलेली, कुटुंबाबाहेरची व्यक्ती. म्हणजे ‘आम्ही इथेच राहतो’ ही परिस्थिती कायद्याला ठाऊक आहे. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (जागा ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वाद झाला आणि नोंदणीकृत करार नसला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच धरून चालतात. ते खोटं आहे हे सिद्ध करणं तुमच्या माथी येतं. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणीतून सुटका, हेही खरं नाही. एका वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सूट देणारा नियम १९०८ च्या नोंदणी कायद्यातला. महाराष्ट्रात कलम ५५ मुदत पाहत नाही.

आता करारातला मजकूर. स्वतंत्र फ्लॅट देताना पत्ता लिहिला की भागतं. राहत्या घरात तसं नाही. कोणती खोली, दारातून आत आल्यावर कुठल्या बाजूची, अंदाजे किती चौरस फुटांची, हे लिहा. संडास-बाथरूम स्वतंत्र की सामाईक, स्वयंपाकघर वापरायचं की नाही, गच्चीवर कपडे वाळत घालायचे का, पाहुणा रात्री मुक्कामाला चालेल का, तेही लिहा. कॉट बेसिसवर, म्हणजे एकाच खोलीत खाटेमागे भाडं देऊन, दोघी राहणार असतील तर दोघींची नावं हवीत. भांडणं भाड्यावरून क्वचितच होतात, होतात ती गीझर आणि चपलांच्या रॅकवरून. नोटीस किती दिवसांची आणि डिपॉझिट कधी परत, या दोन ओळी मुलांसाठी फार मोलाच्या असतात. परीक्षा संपली की गावी जायचं असतं आणि तेच पैसे पुढच्या जागेसाठी लागणार असतात.

नोंदणी आता घरबसल्या होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर माहिती भरायची, आधारवर आधारित अंगठ्याचा ठसा आणि फोटो द्यायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं. दुय्यम निबंधकांनी मंजुरी दिली की डिजिटल सही झालेला करार उतरवून घेता येतो. ठशाचं यंत्र घेऊन घरी येणारे अधिकृत सेवा पुरवठादार असतात, त्यांचा मेहनताना वेगळा. तुमचं आणि भाडेकरूचं आधार व पॅन, दोन साक्षीदारांचं आधार, सूची दोन आणि अलीकडचं लाइट बिल किंवा मिळकतकराची पावती एवढं जवळ ठेवा.

मुद्रांक शुल्क फार नाही. संपूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. उदाहरणार्थ, महिना ८,००० रुपये, अकरा महिने आणि २०,००० डिपॉझिट. भाडं ८८,००० झालं, व्याज साधारण १,८३३. शुल्क सव्वादोनशेच्या आसपास येतं. त्यावर नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००.

करार हातात आला की पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या. पुण्यात, मुंबईत ती पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते. पोचपावती जपून ठेवा. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश लागू असताना माहिती दिली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. सोसायटीत राहत असाल तर आगाऊ लेखी कळवा, सोबत करार आणि पोलिसांच्या पोचपावतीची प्रत जोडा. बिनभोगवटा शुल्काची (सभासद स्वतः न राहता जागा दुसऱ्याला देतो तेव्हा सोसायटी घेते ते) मागणी आली तर आकडा तपासा: २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. शिवाय तुम्ही स्वतः तिथेच राहताय, हे पत्रात ठळक लिहा.

खोली तयार करताना रंगाआधी वीज बघा. अभ्यास करणारं मूल रात्री दोनपर्यंत दिवा लावतं. टेबलाजवळ प्लग, दाराला स्वतंत्र कुलूप आणि आतून कडी, हवा खेळेल अशी खिडकी, एवढं झालं की खोली राहण्याजोगी होते. महावितरणचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतो. एकाच मीटरवर घर आणि खोली चालली की तुमचं बिल वरच्या टप्प्यात जातं. खोलीपुरतं वेगळं सबमीटर बसवा आणि युनिटचा दर करारातच लिहा.

राहिला कर. मिळालेलं भाडं आयकर विवरणपत्रात घरापासूनचं उत्पन्न म्हणून दाखवायचं. दिलेल्या भागाचा तुम्ही भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, त्यासाठी पावत्या लागत नाहीत. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे आणि ती पीटी-३ अर्जावर मिळते. खोली दिल्यावर हा अर्ज भरताना दिलेला भाग लपवू नका. क्षेत्रीय कार्यालयात करार दाखवून कोणता भाग तुमच्याकडे आणि कोणता दिलेला, हे लेखी देऊन या आणि त्या पत्रावर आवक शिक्का मारून घ्या.