नदीवरचं ठाणं आणि नदीचा नमुना

पाण्याच्या गुणवत्तेवरची बातमी वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: 'राज्यातल्या इतक्या टक्के नद्या प्रदूषित.' मूळ तक्ता उघडला की दिसतं, टक्केवारी नमुना घेण्याच्या ठाण्यांची आहे. समजा २०० ठाण्यांपैकी ८० ठाण्यांवर पाणी खराब निघालं, तर बातमीत त्याचं '४० टक्के नद्या' होतं. ही गल्लत बातम्यांत आहे, भाषणांत आहे, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आहे, आणि ज्यांनी ती पकडायला हवी त्यांच्या अहवालांतही आहे. ठाण्यांवरची देखरेख आणि संभाव्यता सर्वेक्षण, म्हणजे सोडतीने निवडलेल्या जागांवरून सगळ्या नद्यांचा अंदाज काढणं, ही दोन वेगळी कामं आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला चालत नाही.

ठाणी बहुतेकांना माहीत असतात. शहराच्या वर एक, खाली एक, नाला मिळतो तिथे एक, पाणी उचलतात तिथे एक. केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांचं जाळं असंच आहे. ठरलेल्या जागी ठरावीक काळाने पाणी घ्यायचं आणि बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खर्च होतो त्याचं माप), विरघळलेला ऑक्सिजन, कोलिफॉर्म (मैलापाण्याची खूण मानले जाणारे जिवाणू) वगैरे तपासायचं. या जागेचं काय चाललंय, गेल्या वर्षीपेक्षा काय बदललं, सांडपाणी प्रकल्प सुरू झाल्यावर फरक पडला का, हे सांगायला ठाण्यासारखं दुसरं साधन नाही. ठाणी बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही.

दोन्हींतले फरक विचारले की लोक भलतीच यादी देतात. ठाण्यावर वारंवार जातात, सर्वेक्षण काही वर्षांतून एकदा होतं. ठाण्यावर रसायनं तपासतात, सर्वेक्षणात तळाचे कीटक आणि मासेही बघतात. हे सगळं खरं, पण सोयीचं. उद्या उलटं केलं तरी दोन्ही पद्धतींच्या मुळाला धक्का लागत नाही. बाटली, बर्फाची पेटी आणि प्रयोगशाळा दोन्हीकडे तीच असू शकते.

खरा फरक एकच आहे: ती जागा तिथे आली कशी? संभाव्यता सर्वेक्षणात आधी सगळ्या प्रवाहांची यादी किंवा नकाशा लागतो. मग त्यातल्या प्रत्येक तुकड्याला निवडलं जाण्याची काही ना काही शक्यता द्यावी लागते, शून्य नव्हे, आणि ती शक्यता किती हे आकड्यात माहीत असावं लागतं. त्यानंतर निवड सोडतीने होते. ठाण्याच्या बाबतीत हा आकडा अस्तित्वातच नसतो. पुलाखालची जागा निवडली जाण्याची शक्यता किती होती? कुणी तरी ठरवलं, म्हणून निवडली. डोंगरातल्या ज्या ओढ्याला रस्ताच जात नाही, त्याची शक्यता शून्य होती.

शेतीतलं उदाहरण आपल्याकडे घराघरात माहीत आहे. गावाचं पीक नजरअंदाजाने सांगणं वेगळं आणि पीक कापणी प्रयोग वेगळा. कापणी प्रयोगात शेत कुठलं आणि शेतातला प्लॉट कुठला हे रँडम आकड्यांवरून ठरतं, चांगलं किंवा वाईट शेत बघून नाही. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे आघाडीवर होते. शेतात जो नियम आपण मान्य करतो, तोच नदीवर गेलं की विसरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथे एक हुशार आक्षेप येतो. जाणकार माणसाने काळजीपूर्वक, सगळ्या प्रकारच्या जागा घेऊन ठाणी निवडली तर ती प्रातिनिधिक होणार नाहीत का? हा प्रयोग फार पूर्वी होऊन गेला आहे. इटलीत जिनी आणि गाल्वानी या संख्याशास्त्रज्ञांना १९२१ च्या जनगणनेतले काही कागद नमुन्यादाखल जपून ठेवायचे होते. त्यांनी २१४ जिल्ह्यांतून २९ असे निवडले की महत्त्वाच्या बाबींची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळावी. ज्या बाबी धरून निवड केली त्या जुळल्या, पण इतर बाबी देशाशी जुळेनात. १९२९ साली त्यांनी हे स्वतःच प्रसिद्ध केलं. १९३४ साली संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी आपल्या निबंधात हेतुपूर्वक निवड आणि सोडतीची निवड यांची तुलना केली, तेव्हा हेच उदाहरण तपासलं. सुखात्मे त्याच काळात लंडनमध्ये नेमन यांच्या हाताखाली शिकत होते. इतकी जुनी आणि इतकी जवळची गोष्ट असूनही 'तज्ज्ञांनी निवडलेली प्रातिनिधिक ठाणी' हा शब्दप्रयोग अहवालांतून जात नाही. ठाणी कशाच्या बाबतीत प्रातिनिधिक आहेत हे सांगता येत नसेल तर तो शब्द काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शक्यता माहीत असण्याचा उपयोग काय ते आकड्यांतच बघू. समजा एका खोऱ्यात १,००० किलोमीटर प्रवाह आहेत. त्यातले ९०० किलोमीटर लहान ओढे, १०० किलोमीटर मोठी नदी. सरळ सोडत काढली तर बहुतेक जागा ओढ्यांवर पडतील आणि मोठ्या नदीबद्दल फारसं काही कळणार नाही. म्हणून मुद्दाम ३० जागा ओढ्यांवर आणि ३० नदीवर घेतल्या, दोन्हीकडे सोडतीनेच. ओढ्यांवरच्या ६ जागा खराब निघाल्या, नदीवरच्या १८. जागा मोजल्या तर ६० पैकी २४, म्हणजे ४० टक्के खराब. पण ओढ्यावरची प्रत्येक जागा ३० किलोमीटरच्या वतीने बोलते आणि नदीवरची जेमतेम ३.३ किलोमीटरच्या. हे वजन लावलं की ६ गुणिले ३० म्हणजे १८० किलोमीटर, आणि नदीचे ६०. एकूण २४०, म्हणजे २४ टक्के. नमुने तेच, प्रयोगशाळा तीच, तरी एक उत्तर ४० आणि दुसरं २४. खोऱ्याबद्दलचं बरोबर उत्तर २४ आहे. वजन म्हणजे निवडीच्या शक्यतेचा व्यस्त, एक भागिले शक्यता. १९५२ मध्ये हॉर्विट्झ आणि थॉम्पसन या संख्याशास्त्रज्ञांनी हे सूत्र सर्वसाधारण रूपात मांडलं. ठाण्यांच्या यादीला असं वजन देता येत नाही, कारण शक्यताच माहीत नाही.

म्हणूनच ठाण्यांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटत नाही. ५० ठाण्यांची ५०० केली तरी तीही रस्त्यालगत, शहराखाली आणि कारखान्याजवळच पडणार असतील, तर तोच कल आणखी ठामपणे दिसेल. उलट सोडतीने निवडलेल्या, सारख्या वजनाच्या ५० जागासुद्धा ९० टक्के खात्रीने साधारण १२ टक्के इकडेतिकडे असं उत्तर देतात, मग प्रवाह हजार किलोमीटर असोत की लाख. 'एवढ्या मोठ्या राज्याला एवढेसे नमुने?' हा प्रश्न ऐकला की मी आधी विचारतो, ते निवडले कसे?

सोडत म्हणजे वाटेल तिथे थांबून बाटली भरणं, असाही समज आहे. तो साफ चुकीचा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या जल-सर्वेक्षणांत जीआरटीएस नावाची पद्धत वापरतात. स्टीव्हन्स आणि ऑल्सेन यांनी २००४ मध्ये ती सविस्तर मांडली. नकाशावर एक चौकोन टाकायचा, त्याचे चार भाग, प्रत्येक भागाचे पुन्हा चार, असं बारीक होत जायचं. प्रत्येक पातळीवर चार भागांना क्रमांक द्यायचे ते यादृच्छिक क्रमाने. त्यातून प्रत्येक तुकड्याला आकड्यांचा पत्ता मिळतो. पत्त्यांच्या क्रमाने सगळे प्रवाह एका रेषेवर मांडायचे, ज्याची शक्यता जास्त त्याला रेषेवर जास्त लांबी द्यायची, आणि एका यादृच्छिक बिंदूपासून सारख्या अंतरावर जागा उचलायच्या. शेवटी प्रत्येक पत्त्यातले आकडे उलटे वाचून त्या क्रमाने यादी करायची. मग यादीतल्या पहिल्या २० घ्या नाहीतर पहिल्या ५० घ्या, त्या नकाशावर पसरलेल्याच असतात. ओढा कोरडा निघाला किंवा जमीनमालकाने आत येऊ दिलं नाही, तर यादीतली पुढची जागा घ्यायची. आपल्या सोयीची शेजारची जागा घ्यायची नाही. माझ्या मते सगळ्या शिस्तीचा कस इथेच लागतो. दिवसभर चालून गेल्यावर ओढा कोरडा मिळाला की खालच्या डोहातून बाटली भरून घ्यावी असं वाटतंच, आणि नेमकी तेवढ्यानेच निवड बिघडते. कोरड्या जागेची 'कोरडी' म्हणून नोंद करायची. तीही माहितीच आहे, कारण नकाशातले किती किलोमीटर प्रत्यक्षात वाहत नाहीत ते त्यावरून कळतं.

अमेरिकेने हे सहज स्वीकारलं नाही. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याखाली प्रत्येक राज्य आपल्या पाण्याच्या स्थितीचा अहवाल देत असे, पण देशातल्या नदी-ओढ्यांच्या लांबीपैकी पाचव्या हिश्श्याच्या आसपासच तपासलेली असे, आणि तो हिस्सा कसा निवडला हे प्रत्येक राज्याचं वेगळं. त्यांची बेरीज करून देशाचं चित्र काढणं अशक्य होतं. मग २००६ मध्ये पायी उतरता येईल अशा ओढ्यांचं देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. १,३९२ जागा, सोडतीने निवडलेल्या. निकाल असा: लांबीच्या ४२ टक्के ओढे वाईट स्थितीत, २५ टक्के मध्यम, २८ टक्के चांगले, ५ टक्के मूल्यमापनाबाहेर. वाक्यातला 'लांबीच्या' हा शब्द बघा; तो लिहिण्याचा अधिकार फक्त या पद्धतीने मिळतो. तो ५ टक्क्यांचा रकानाही मला फार आवडतो. जे मोजलं गेलं नाही ते चांगल्या-वाईटात विरघळवलेलं नाही.

ओरेगॉनच्या किनाऱ्यावरचे कोहो सॅमन हे आणखी एक उदाहरण. अंडी घालायला येणारे मासे तिथे अनेक दशकं ठरलेल्या पट्ट्यांवर मोजत, आणि ते पट्टे बहुतेक मासे भरपूर येतात असे. १९९० पासून स्तरवार सोडतीने, म्हणजे आधी गट पाडून प्रत्येक गटातून सोडत काढून, पट्टे निवडले, तेव्हा एकूण माशांचे जुने अंदाज बरेच फुगलेले असल्याचं दिसलं. मोजणाऱ्यांनी मोजण्यात काही चूक केली नव्हती. जागाच तशा होत्या.

हे सगळं परदेशी आहे असं समजू नका. आपल्या किनाऱ्यावर किती मासळी उतरते याचा अंदाज केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्तरवार, बहुपदरी सोडतीने काढते. आधी बंदर आणि दिवस यांची निवड, मग त्या दिवशी आलेल्या होड्यांतून निवड. मुंबईच्या ससून डॉकवर दिसलेल्या ढिगावरून राज्याची मासळी कुणी ठरवत नाही.

नद्यांचं मात्र तसं नाही. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रात. २०२२ च्या यादीत देशात ३११, महाराष्ट्रात ५५. दोन्ही वेळा आपलं राज्य पहिलं. यावरून 'महाराष्ट्राच्या नद्या देशात सर्वांत घाण' असं सरसकट लिहिलं गेलं. पट्टा यादीत येतो तो ठाण्यावर बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेला तर. जिथे ठाणं नाही तिथे पट्टा सापडणारच नाही, आणि जिथे ठाणी दाट तिथे पट्टेही जास्त सापडतील. ५३ चे ५५ झाले याचा अर्थ नद्या बिघडल्या असाही नाही, सुधारल्या असाही नाही. मिठी आणि मुठा मात्र घाण आहेत, हे त्या ठाण्यांवरून पक्कं कळतं आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी. त्यासाठी राज्याच्या टक्केवारीची वाट बघायची गरज नाही.

अलीकडे तिसरंच उत्तर ऐकू येतं: गणिती मॉडेल आहे ना, मग सोडत कशाला? मॉडेलबद्दल मला आदर आहे. पुण्यात जन्मलेले विद्याधर गोडांबे यांनी १९५५ मध्येच सिद्ध केलं की सर्व परिस्थितींत सर्वोत्तम ठरेल असा एकही अंदाजक, म्हणजे नमुन्यावरून संपूर्णाचा अंदाज काढण्याचं सूत्र, नमुना-सिद्धांतात नाही. निव्वळ सोडतीवर सगळं भागत नाही हे त्यातून पुढे अधिकाधिक उमगत गेलं. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या तळ्यांचं उदाहरण घ्या. २१,०२६ तळ्यांतून सोडतीने निवडलेली ३३४ तळी तपासली. आम्ल पचवण्याची क्षमता ११३ लहान खोऱ्यांसाठी वेगवेगळी सांगायची होती, पण ६४ खोऱ्यांत पाचपेक्षा कमी नोंदी होत्या. तिथे मॉडेल लागतंच. ते उंचीसारख्या सगळ्या तळ्यांसाठी माहीत असलेल्या गोष्टी वापरतं आणि शेजारच्या खोऱ्यांकडून बळ घेतं. नद्यांसाठीच्या मॉडेलांत अंतरही प्रवाहाच्या वाटेने मोजता येतं, कारण डोंगराच्या दोन बाजूंचे ओढे नकाशावर जवळ दिसले तरी त्यांचं पाणी एकमेकांना भेटत नाही.

पण मॉडेल ज्या नोंदींवर शिकतं त्या घाणीच्या संशयावरून निवडल्या असतील, तर तो संशय मॉडेलच्या उत्तरात जसाच्या तसा उतरतो. निवड कशाच्या आधारे झाली ते घटक मॉडेलमध्ये घातले तर दुरुस्ती होऊ शकते, फक्त त्यासाठी ते लिहून ठेवलेले असावे लागतात. ठाणं त्या पुलाखाली का ठेवलं, याची नोंद फारशी कुठे सापडत नाही. म्हणून माझा आग्रह असा: ठाणी आहेत तशी चालू द्या, प्रत्येकाच्या निवडीचं कारण एका ओळीत लिहा, आणि त्यांच्या जोडीला दरवर्षी सोडतीने ५० जागा घ्या, ज्यात सह्याद्रीतले आणि विदर्भातले बिननावाचे ओढेही येतील. त्यातल्या काही जागांवर दर काही वर्षांनी परत जा, म्हणजे बदलही कळेल. दोन्हींचे तक्ते वेगळे छापा. ठाण्यांच्या तक्त्यात टक्केवारीचा रकाना ठेवू नका.