अणुभट्टीचा मलबा वेगळा, वापरलेलं इंधन वेगळं

अणुभट्टी मोडीत काढणार अशी बातमी आली की एकीकडे "आता हजारो वर्षांचा कचरा होणार" सुरू होतं आणि दुसरीकडे "जागा साफ करून मोकळी केली" वाचून लोकांना वाटतं विषय मिटला. दोन्हीकडे घोळ एकच आहे, भट्टी पाडताना निघणारा मलबा आणि भट्टीत वापरलेलं इंधन यांची सरमिसळ.

भट्टी बंद झाली की आधी इंधन काढतात आणि त्याच्यासोबत भट्टीतली जवळपास ९९ टक्के किरणोत्सारिता बाहेर पडते. हे इंधन बंद पडल्यावरही तापत राहतं, म्हणून काही वर्षं पाण्याच्या खोल टाकीत आणि मग स्टील-काँक्रीटच्या जाड पिंपांत, म्हणजे ड्राय कास्कमध्ये. त्यातल्या प्लुटोनियम-२३९चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सारिता निम्मी व्हायला लागणारा काळ, सुमारे २४,१०० वर्षं, तेव्हा हजारो वर्षांची भीती इथं खरीच आहे.

मलब्याचं तसं नाही. त्यातलं बहुतेक काँक्रीट, सळया, पाइप, म्हणजे कुठलाही मोठा कारखाना पाडला तर निघेल तेच. अवघड भाग म्हणजे भट्टीचं पोलादी भांडं आणि त्याच्या आतले सुटे भाग, कारण न्यूट्रॉनच्या माऱ्यानं पोलादच किरणोत्सारी झालेलं असतं, ते धुवून जात नाही. म्हणून हे भाग पाण्याखाली ठेवून लांबून चालवायच्या करवतींनी कापतात, पाणी किरणं अडवतं आणि कापताना सुटणारा कीसही धरून ठेवतं, मग तेच पाणी गाळून घ्यावं लागतं. आजूबाजूच्या भिंतींचा बऱ्याचदा वरचा थर खरवडला की भागतं, आणि माल मोजल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत, त्याची मर्यादा बऱ्याच देशांत अशी ठरवलीय की त्यातून कुणालाही वर्षाला किरणोत्सर्गाचा साधारण १० मायक्रोसिव्हर्टच्या (डोस मोजायचं एकक) आसपासच डोस बसावा.

पोलादातल्या कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे ५० वर्षं थांबलं तर तो सुमारे ७०० पट कमी होतो, म्हणून काही ठिकाणी भट्टी बंदिस्त करून नुसती थांबतात. इंधनातली हजारो वर्षांची किरणोत्सारिता अशी थांबून संपत नाही, आणि ब्रिटनच्या जुन्या ग्रॅफाइटवाल्या भट्ट्यांतही थांबून सगळं सुटत नाही, तिथं कार्बन-१४ आहे, त्याचं अर्धायुष्य सुमारे ५,७०० वर्षं. मला तरी शक्य तिथं लवकर पाडणंच पटतं, कारण थांबलं तर तोपर्यंत भट्टी चालवलेली माणसं निवृत्त झालेली असतात आणि कुठला पाइप कधी गळला होता हे दरवेळी कागदावर सापडेलच असं नाही.

पर्यावरणावरचा परिणाम तपासतानाही हे दोन वेगळे ठेवावे लागतात. युरोपियन युनियनमध्ये अणुवीज केंद्र मोडीत काढायच्या आधी हे मूल्यांकन सक्तीचं आहे, ब्रिटननं तर १९९९ मध्ये त्यासाठी वेगळे नियम केले. पाडकामाच्या बाजूला धूळ, आवाज, ट्रकची वर्दळ, अ‍ॅस्बेस्टॉस, भूजलात मुरलेलं ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन), आणि सहसा कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे नदीत किंवा समुद्रात सोडलं जाणारं गरम पाणी थांबतं, त्यामुळे तिथं रुळलेली जीवसृष्टीही बदलते. इंधनाच्या बाजूचे प्रश्न निराळेच, ते कुठे जाणार, कसं नेणार, तोवर राखणार कोण.

अमेरिकेतल्या मेन यांकी केंद्रात दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात. १९९७ मध्ये ते कायमचं बंद झालं, २००४ मध्ये भट्टीचा घुमट सुरुंग लावून पाडला, २००५ पर्यंत सगळं काम संपलं. पण वापरलेल्या इंधनाची ६० पिंपं तिथंच राहिली, कारण ती कायमची ठेवायला देशात जागाच तयार झालेली नाही. म्हणून भट्टी मोडीत काढण्याच्या पर्यावरण मूल्यांकनाचा अहवाल हातात आला आणि इंधनापुढे "तात्पुरती साठवणूक" लिहिलेलं दिसलं तर ती किती वर्षं, त्याचा खर्च कुणाच्या डोक्यावर आणि इंधनाची पाण्याची टाकी पाडून टाकल्यावर एखादं पिंप उघडायची वेळ आली तर ते कुठे उघडणार, हे नक्की विचारा.