पाटसकर वेगळे, महाजन वेगळे

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न पेटला की दर वेळी तेच होतं. आपल्याकडचा एकजण म्हणतो पाटसकर निवाडा लागू करा, पलीकडचा म्हणतो महाजन अहवाल अंतिम, आणि मधेच तिसरा कोणीतरी येऊन विचारतो, अरे हे दोन्ही बेळगावसाठी नेमलेलेच आयोग ना, मग एवढा फरक कसा? तर पहिली गोष्ट म्हणजे पाटसकरांचा बेळगावशी काही संबंधच नव्हता. महाजनांचा होता, पण ते नेमकं काय बोलून गेले हे 'अंतिम अंतिम' करणाऱ्यांनी तरी कितीसं वाचलंय कोण जाणे.

आधी पाटसकर. हरी विनायक पाटसकर, आपलेच मराठी गृहस्थ, नेहरूंच्या काळात केंद्रात कायद्याचं खातं बघायचे, पुढे मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले. भांडण होतं आंध्र आणि मद्रास (आजचं तमिळनाडू) यांच्यात, चित्तूर आणि चिंगलपेट जिल्ह्यांच्या सीमेवरून, तमिळ मंडळी म्हणत होती आमचा भाग तिकडे गेला, तेलुगू म्हणत होते आमची गावं तुमच्यात अडकली. १९५६ ला दोन्ही राज्यं म्हणाली ठीक आहे, मध्यस्थ नेमू, आणि पाटसकर आले. त्यांनी खेडं हा घटक धरला, त्या खेड्यात साधं बहुमत कोणत्या भाषेचं ते बघितलं, आणि ते खेडं त्या भाषेच्या मुलखाला लागून आहे का हे तपासलं. त्यावर संसदेने १९५९ मध्ये कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून तिरुत्तणी मद्रासकडे गेलं, सत्यवेडूकडचा भाग आंध्रला मिळाला, तिरुपती आंध्रातच राहिलं. दोघांनीही कुरकुर केली असेल पण मानलं. मराठी माणसाची मोजपट्टी तमिळ-तेलुगूंना चालली आणि नेमकी मराठी माणसासाठीच वापरायला मिळाली नाही, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर अर्धा तास सहज जातो.

खेडं की तालुका, यात एवढं काय आहे असं वाटेल, तर एक उदाहरण घ्या. समजा एका तालुक्यात १०० गावं आहेत, त्यातली पश्चिमेकडची सलग ४० मराठी आहेत आणि बाकीची ६० कानडी. तालुका घटक धरला तर शंभरच्या शंभर कर्नाटकात जातात, आणि खेडं धरलं तर ती ४० उचलून शेजारच्या महाराष्ट्राला जोडता येतात, आणि उलटंही तसंच, आपल्याकडच्या तालुक्यातली कानडी गावं त्यांना द्यावी लागतात. भाषावार राज्यं पाडायला नेमलेल्या फजल अली आयोगाचा भर जिल्ह्यावर होता, म्हणून १९५६ ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा जवळजवळ अख्खा म्हैसूरला (म्हणजे आजच्या कर्नाटकला) गेला, फक्त चंदगड तालुका वगळून तो कोल्हापूरला जोडला. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघालात तर गाडी नीट तापायच्या आत शिनोळी येतं, आणि तिथे पाट्या बदलतात, एसटी दिसते. शेतं तीच, माणसं तीच, सोयरिकी तर रेषेच्या दोन्हीकडे.

म्हणून महाराष्ट्राने (तेव्हाच्या मुंबई राज्याने) १९५७ लाच केंद्राकडे निवेदन दिलं की इथेही तसंच करा. सूत्रं चार: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पहिली तीन पाटसकरांच्या वळणाची, आणि माझ्या मते खरा जीव चौथ्यात आहे, कारण बाकी सगळं जनगणनेच्या तक्त्यातून निघतं पण लोकेच्छा म्हणजे तिथल्या माणसाला विचारणं आलं. आता लोकेच्छा मोजायची कशी? आपल्या घटनेत राज्याची सीमा बदलायला सार्वमताची सोय नाही, कलम ३ प्रमाणे तो अधिकार संसदेचा. गोव्यात १९६७ ला ओपिनियन पोल झाला तो स्वतंत्र कायदा करून, तसं बेळगावात कधी झालंच नाही. मग महाराष्ट्र एकीकरण समितीने (सीमाभागातल्या, महाराष्ट्रात जाऊ म्हणणाऱ्या मराठी लोकांची संघटना) निवडणुकाच लोकेच्छा म्हणून वापरल्या, वर्षानुवर्षं आमदार निवडून आणले, महापालिकेत सत्ता घेतली, दर १ नोव्हेंबरला (१९५६ ला याच दिवशी हा भाग म्हैसूरला गेला) काळा दिवस पाळला. गेल्या काही निवडणुकांत समितीची ताकद बरीच घसरली, गटतट पडले, हे पण खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

आणि एक लक्षात घ्या, लोकेच्छेला 'स्वयंनिर्णय' म्हटलं तरी इथे त्याचा अर्थ वेगळा देश नाही, वेगळं राज्य पण नाही, स्वायत्त परिषद वगैरे काही नाही. देश तोच, फक्त राज्य बदलून द्या, एवढीच मागणी.

माझे एक मामा खानापूर तालुक्यात असतात, खेड्याचं नाव सांगत नाही. मागच्या खेपेला त्यांनी जमिनीची पहाणी (आपल्याकडचा सातबारा म्हणा) माझ्यासमोर टाकली आणि म्हणाले, वाच की. सगळी कानडीत. मी म्हटलं मामा मला कुठे येतंय, तर ते म्हणाले, 'मला तरी कुठं येतंय, जमीन माझीच हाय एवढं मात्र ठाऊक हाय.' शेवटी शेजारचा सातवीतला पोरगा आला, घरात मराठीच बोलतो तो, आणि त्याने खडाखडा वाचून दाखवलं. आता त्या पोराची लोकेच्छा उद्या काय असेल, मला खरंच सांगता येत नाही.

आता महाजन. मेहरचंद महाजन, सुप्रीम कोर्टाचे माजी सरन्यायाधीश, आणि १९४७ ला काश्मीर भारतात सामील झालं तेव्हा तिथले पंतप्रधान हेच. सेनापती बापटांनी या प्रश्नासाठी उपोषण केलं, केंद्रावर दबाव आला आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजनांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, अहवाल आला ऑगस्ट १९६७ मध्ये. पाटसकरांपेक्षा मोठा फरक इथे आहे: आयोगाला सूत्र बांधून दिलेलंच नव्हतं. महाजनांनी दोन्ही बाजू ऐकून स्वतःच्या अंदाजाने ठरवायचं होतं. बेळगाव शहरात १९५१ च्या जनगणनेप्रमाणे मराठी बोलणारे जास्त होते, तरी त्यांनी शहराभोवतीचा मुलूख बघितला, तो बहुतेक कानडी आहे असं धरलं आणि बेळगाव म्हैसूरलाच राहू दे म्हणाले. आपल्याकडचा राग आहे तो इथे.

पण पुढचं कोणी सांगत नाही. महाराष्ट्राने मागितली होती ८१४ गावं, त्यातली २६४ महाजनांनी देऊ केली होती, आणि त्यात निपाणी, खानापूर, नंदगड आहेत! म्हणजे 'महाजन अंतिम' असं कर्नाटक म्हणतं त्याचा सरळ अर्थ माझ्या मामांच्या तालुक्यातली बरीच गावं महाराष्ट्राला द्यायला हवीत. बदल्यात आपल्याकडचं अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि जतची काही गावं तिकडे जाणार. शिवाय केरळमधल्या कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भाग पण कर्नाटकला, ते केरळने साफ नाकारलं. महाराष्ट्रानेही अहवाल नाकारला. कर्नाटकाचं म्हणणं, आयोग तुम्हीच मागितला होता ना, मग आता का मागे फिरता, आणि हा मुद्दा अगदीच पोकळ आहे असं मला वाटत नाही. पण आयोगाचा अहवाल म्हणजे शिफारस असते. संसदेने त्यावर कायदा केला नाही, त्यामुळे ना निपाणी आली ना अक्कलकोट गेलं.

जतचं अजून एक. तिथल्या काही गावांनी पाण्यासाठी वैतागून कर्नाटकात जायचा ठराव केला होता, तो २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी बाहेर काढला आणि आपल्याकडे एकदम धावपळ. मला तेव्हा जरा गंमतच वाटली, कारण लोकेच्छा आपलं सूत्र आहे म्हटलं की ते जतलाही लागू होणार, तिथे मग 'पाणी देतो, थांबा' असं म्हणावं लागतं आणि खरंच द्यावंही लागतं.

सध्याची स्थिती म्हणाल तर महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा लावला, आता मागणी ८६५ गावांची आहे, डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी आठवड्याच्या आत एकमेकांविरुद्ध ठराव केले. कर्नाटकाचं कोर्टात म्हणणं हे की सीमा हा संसदेचा विषय, कोर्टाने यात पडूच नये. पाटसकर तिथे येतात ते फक्त 'अशा पद्धतीने पूर्वी देशात एकदा झालंय' हे दाखवायला, आणि महाजन येतात ते 'तुमच्याच मागणीवरून एकदा तपासून झालंय' हे दाखवायला. खानापूरच्या पहाणीवर अजून तरी कानडीच आहे.