भाड्याची गाडी परत केली, अनामत कापली गेली: तक्रार कुठे, कशी आणि कोणत्या कागदांवर?

गोव्याहून घरी पोचलात, बॅगा अजून उघडल्या नाहीत आणि मेसेज येतो. पाच हजारांच्या अनामतीतून बंपरचा ओरखडा ३,५००, 'क्लीनिंग' ५००, फास्टॅग ४२०. हाती येणार ५८०.

फोनवर भांडत बसू नका, त्याचा पुरावा उरत नाही. त्याच दिवशी ईमेलने किंवा ॲपमधून लेखी मागणी करा: दुरुस्तीचं जीएसटी बिल, गाडी देताना आणि परत घेताना काढलेले फोटो, फास्टॅगचं तारीख-वेळेसह स्टेटमेंट आणि चलन लावलं असेल तर त्याचा क्रमांक. तो क्रमांक परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर टाकला की गुन्ह्याची वेळ दिसते. ती वेळ गाडी तुमच्या ताब्यात येण्याआधीची निघाली, तर त्या रकमेचा वाद तिथेच संपतो.

बिलावर एवढा जोर का? 'करारावर सही केलीत ना' हे उत्तर हमखास मिळतं. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेला दंडाचा आकडा ही कमाल मर्यादा असते. त्याच्या आत जी वाजवी असेल तेवढीच भरपाई मागता येते. अर्थात बंपर खरंच तुमच्या हातून घासला असेल, तर त्याचा रास्त खर्च द्यावाच लागेल.

बुकिंग ॲपवरून असेल, तर तक्रार थेट कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. पैसे क्रेडिट कार्डावरून गेले असतील, तर बँकेकडेही त्या व्यवहाराविरुद्ध लेखी हरकत नोंदवा. जोडीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. लहान रकमा पुष्कळदा तेवढ्यावर परत येतात.

एवढं करूनही पैसे आले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोग. स्वतःच्या वापरासाठी पैसे मोजून गाडी घेतलेला कोणीही तक्रार करू शकतो. व्यापारी कामासाठी घेतली असेल तर नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. मोबदला, म्हणजे तुम्ही मोजलेले पैसे, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, वकीलही सक्तीचा नाही. सगळ्यात उपयोगाची सोय मात्र फार जणांना ठाऊक नसते: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या आयोगात दाद मागता येते. गाडी पणजीत घेतली म्हणून पुणेकराने पणजीला खेटे घालायला नकोत. करारात लवादाचं कलम, म्हणजे वाद खासगी पंचाकडेच न्यायची अट, आहे म्हणून कोणी घाबरवलं, तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही.

अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. सोबत ओळखपत्र, बुकिंगची पावती, भाडेकरार, दोन्ही वेळचे फोटो किंवा व्हिडिओ, कपातीचा मेसेज, बँकेची नोंद, झालेला सगळा पत्रव्यवहार आणि प्रतिज्ञापत्र. आधी १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवलेली असली तर तिची प्रत आणि पोस्टाची पावतीही जोडा. तक्रारीत गोष्ट रंगवू नका. तारीख, वेळ, रक्कम आणि नेमकं काय परत हवं, एवढं दोन पानांत बसतं. मूळ रकमेसोबत व्याज, मनस्ताप आणि खर्चाची मागणी तिथेच लिहा.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे आयोगाने साधारण २१ दिवसांत ठरवायचं असतं. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. निकालासाठी कायद्यात ३ महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. सुनावणी व्हिडिओवर मागता येते.

एक अडचण गोव्यात फार दिसते. भाड्याच्या अधिकृत गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण तिला ना करार, ना पावती. अशी घेतलीच, तर रोख देऊ नका. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा, कारण अर्जाला जोडायला तुमच्याकडे तेवढंच असेल.