टेन-बिटचा वाद: फॅनसबच्या जुन्या फाइली टीव्हीवर का चालत नाहीत

२०११ नंतरच्या चार-पाच वर्षांतला फॅनसबचा (चाहत्यांनी स्वतः भाषांतर करून सबटायटल लावलेल्या जपानी ॲनिमे मालिकांचा) साठा हार्डडिस्कवर पडून असेल, तर त्यातल्या बऱ्याच फाइली टीव्हीच्या यूएसबीला लावून बघा. कुठे नुसता आवाज येईल आणि पडदा काळा, कुठे चित्रभर गुलाबी-हिरवे ठोकळे. फाइल बिघडलेली नसते. ती एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीच्या ‘हाय १०’ प्रोफाइलमधली, म्हणजे दहा बिटांच्या प्रकारातली असते; बिट जितके जास्त, तितक्या रंगछटांच्या पायऱ्या बारीक. फॅन मंडळी तिला हाय-टेन-पी म्हणतात. टीव्ही, फोन आणि ग्राफिक्स कार्डांमधल्या डिकोडर (व्हिडिओ उलगडणाऱ्या) चिप एच.२६४ साठी जवळपास सगळ्याच आठ बिटांपर्यंतच्या, त्यामुळे ती त्यांच्या पचनी पडत नाही. हे ठाऊक असूनही फॅनसब काढणाऱ्या ग्रुपांनी दहा बिट का निवडले, हा या क्षेत्रातला सगळ्यात जास्त भांडला गेलेला निर्णय.

टेपचा काळ थोडक्यात. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अमिगा संगणक आणि जेनलॉक (व्हिडिओवर संगणकाचं चित्र बसवणारं उपकरण) हाताशी आले. लेसरडिस्कचं चित्र जेनलॉकमधून जायचं, त्यावर अमिगाची अक्षरं बसायची आणि एस-व्हीएचएसवर मास्टर तयार व्हायचा. मग कॉपीची कॉपी. तिसऱ्या-चौथ्या पिढीत लाल रंग कडेने फुटायचा आणि सबटायटलच्या अक्षरांना सावल्या यायच्या. बघणाऱ्याने कोरी टी-१२० टेप आणि परतीचं टपाल पाठवायचं. एसपी मोडमध्ये दोन तास, म्हणजे चार-पाच एपिसोड. जपान आणि अमेरिका दोन्हीकडे एनटीएससी ही टीव्ही-पद्धत, म्हणून जपानी टेप तिथे सरळ चालत. आपल्याकडे पाल पद्धत, मल्टिसिस्टिम व्हीसीआर नसला की गाडी तिथेच अडली. मालिकेचा परवाना अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीने घेतला की वाटप थांबवायचं, हा अलिखित नियमही याच काळातला. कायद्याने त्याला काडीचा आधार नव्हता. २००४ च्या डिसेंबरात एका जपानी निर्मात्या कंपनीने वकिलामार्फत काही ग्रुपांना आणि साइटींना पत्रं धाडली, तेव्हा ते सगळ्यांच्याच ध्यानात आलं.

२००० च्या आसपास डिव्हएक्स हे व्हिडिओ दाबायचं तंत्र आलं आणि टेप संपली. एपिसोडचा १७५ एमबी हा आकडा तेव्हाचा: ७०० एमबीच्या सीडीवर बरोबर चार. दर्जा जरा वर न्यायचा तर २३३, म्हणजे सीडीवर तीन. फाइल एव्हीआय, सबटायटल चित्रातच कोरलेलं. एका ओळीत चूक सापडली की दुसरी आवृत्ती काढायची आणि लोकांनी पुन्हा अख्खे १७५ एमबी उतरवायचे. एमकेव्ही या फाइल-प्रकाराने ही कटकट मिटवली. सबटायटलचा ट्रॅक वेगळा, फॉन्ट फाइलीतच जोडलेले, चॅप्टरही सोबत. चूक सुधारायला काही केबींचा पॅच पुरायचा. त्याची किंमत मात्र प्लेयरला मोजावी लागली. डिव्हएक्स चालवणारे घरगुती डीव्हीडी प्लेयर इथेच बाद झाले. तेव्हाही आरडाओरड झाली होती, पण २०११ पुढे ती काहीच नव्हती.

आता दहा बिट. ॲनिमेत सपाट रंग आणि हळूहळू बदलणाऱ्या छटा भरपूर: संध्याकाळचं आकाश, रात्रीची भिंत, दिव्याभोवतीचा उजेड. ७२० ओळींच्या चित्रात आकाशाची उजळता वरपासून खालपर्यंत आठ बिटांच्या मोजपट्टीवर ४० वरून ६० वर जाते असं धरा. आठ बिटांत पायऱ्या मिळतात वीस, म्हणजे दर ३६ ओळींना एक ठळक पट्टा. याला बँडिंग म्हणतात. दोन बिट वाढले की पायऱ्या चौपट, म्हणून दहा बिटांत त्याच पट्टीत ऐंशी पायऱ्या, दर ९ ओळींना एक. डोळ्याला पट्टा दिसत नाही.

विरोधकांचा पहिला मुद्दा तगडा वाटायचा: प्रक्षेपण आठ बिटांचं, ब्ल्यू-रे आठ बिटांचं, मॉनिटरही आठचाच, मग मधे दहा घालून काय मिळणार? यातली मेख एन्कोडिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल बनवण्यात आहे. मूळ चित्रातले पट्टे घालवायला एन्कोडर डीबँड फिल्टर लावतो. तो छटा गुळगुळीत करतो आणि आठ बिटांत बसवताना त्यावर बारीक दाणा, म्हणजे डिदर, पेरतो. हा दाणा टिकवायला बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जास्त डेटा लागतो. फाइल लहान ठेवली की क्वांटायझर (बारीक तपशील छाटणारा टप्पा) नेमका तोच दाणा ‘निरुपयोगी’ समजून उडवतो आणि पट्टे परत हजर. दहा बिटांत दाणा पेरावाच लागत नाही. गुळगुळीत छटा तशीच, स्वस्तात साठते आणि आठ बिटांच्या पडद्यासाठी डिदर प्लेयर ऐनवेळी लावतो. शिवाय आतली आकडेमोड जास्त काटेकोर झाल्याने पूर्णांकी गोळाबेरजेतली चूक घटते. आठ बिटांचा सोर्स असूनही त्याच आकारात चित्र चांगलं दिसायचं ते यामुळे. या मुद्द्यावर एन्कोडरांचंच बरोबर होतं आणि त्यावर महिनोन्‌महिने चाललेली भांडणं बव्हंशी फुकाची होती.

दुसरा मुद्दा खरा होता. हाय १० साठी हार्डवेअर डिकोडिंग नाही, म्हणजे सगळा भार सीपीयूवर. बऱ्यापैकी ड्युअल-कोरवर ७२०पी चालायचं. ॲटम या कमी ताकदीच्या प्रोसेसरवाल्या नेटबुकवर फ्रेम गळायच्या, आणि गाण्यांच्या कॅराओके सबटायटलांत ब्लर नि हलत्या अक्षरांची आतषबाजी असली तर चांगल्या मशीनचीही दमछाक व्हायची. जुना डिकोडर दहा बिटांचा डेटा आठचा समजून वाचायचा. ते गुलाबी-हिरवे ठोकळे तिथून आले. उपाय म्हणजे जुने कोडेक पॅक मुळासकट काढायचे आणि नवा डिकोडर टाकायचा. निम्म्या तक्रारी पहिली पायरी गाळल्यामुळे होत्या. कमकुवत पीसीला ‘टोस्टर’ म्हणून हिणवायची टूम याच वादात फोफावली, आणि ती काही शोभणारी नव्हती.

काही ग्रुपांनी काही महिने दोन्ही आवृत्त्या काढल्या. ते टिकणं कठीणच होतं. तेव्हा बिट बदलायचे तर एक्स२६४ या एन्कोडिंग प्रोग्रॅमचं वेगळं बिल्ड लागायचं, हळू सेटिंगवर एका एपिसोडला तासन्‌तास जायचे, आणि तेच काम दोनदा करायचं तेही फुकट. आठ बिटांची आवृत्ती आधी उशिरा येऊ लागली, मग बंद झाली. पोकळी भरली ती दुसऱ्याच्या रिलीजवरून लहान एमपी४ काढणाऱ्यांनी. सबटायटल कोरलेलं, चित्र दुसऱ्यांदा दाबलेलं, पट्टे पहिल्यापेक्षा वाईट. आपल्याकडे त्यांना मोठा ग्राहक होता, यात नवल नाही. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच २५६ केबीपीएसची होती. त्या वेगाने ३५० एमबीचा एक एपिसोड उतरायला तीन तासांच्या वर लागतात.

अधिकृत सिमलकास्ट, म्हणजे जपानी प्रसारणापाठोपाठ सबटायटलांसह ऑनलाइन दाखवणं, २००९ पासूनच सुरू होतं. जपानमध्ये प्रसारण झाल्यावर तासाभरात सिमलकास्टवरून उचललेली सबटायटलं फिरू लागली, तसे आठवड्याला एपिसोड काढणारे ग्रुप विरत गेले. उरले ते ब्ल्यू-रेवर निवांत काम करणारे, आणि त्यांना टीव्हीवाल्यांची पर्वा करायचं कारणच नव्हतं. २०१३ च्या एचईव्हीसीत, म्हणजे एच.२६४ च्या पुढच्या पिढीत, ‘मेन १०’ प्रोफाइल पहिल्या आवृत्तीपासूनच होतं. फोरके आणि एचडीआरसाठी चिपवाल्यांना ते घ्यावंच लागलं. म्हणून आजच्या टीव्हीवर दहा बिटांची नवी एचईव्हीसी फाइल सुरळीत चालते आणि दहा बिटांची जुनी एच.२६४ अडते.

अशी फाइल ओळखायला मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये उघडा. प्रोफाइलसमोर ‘हाय १०’ आणि बिट-डेप्थ १० दिसेल. संगणकावर व्हीएलसी किंवा एमपीव्ही ती सहज चालवतात. टीव्हीसाठी रूपांतर करायचंच तर आठ बिटांच्या वाययूव्ही४२०पी या पिक्सेल-प्रकारात करा आणि कंटेनर (फाइल-प्रकार) एमकेव्हीच ठेवा. एमपी४ केलं की जोडलेले फॉन्ट गळतात आणि एएसएस (फॉन्ट-मांडणी सांभाळणारा सबटायटल-प्रकार) सबटायटलची मांडणी जाते. टीव्हीचा प्लेयर एएसएसची स्टाइल पाळत नसेल, तर रूपांतराच्या वेळीच सबटायटल चित्रात कोरून घ्या, पण मूळ फाइल पुसू नका. स्वतः मराठी ट्रॅक घालणाऱ्यांनी आणखी एक सांभाळायचं: कॅराओकेचे टॅग अक्षरागणिक घालताना जोडाक्षराच्या मधे टॅग आला की जोडाक्षर फुटतं, ‘प्रे’ चं ‘प्‌’ आणि ‘रे’ होतं. टॅग नेहमी पूर्ण अक्षराच्या आधी घालायचा.