आधी बीए, मग वकिली? गरज नाही

‘आधी बीए-बीकॉम कर, मग एलएलबी’ हा सल्ला नागपुरात बारावीच्या मुलांना अजूनही दिला जातो. तो सक्तीचा मार्ग नाही. कुठल्याही शाखेतून बारावी झाल्यावर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम करता येतो. नागपूरजवळच्या वारंग्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, राज्यातल्या बहुतेक इतर महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी.

कोर्टातच उभं राहावं लागतं, हाही गैरसमज. बँका, कंपन्या, लष्कराची जॅग म्हणजे कायदेविषयक शाखा यांनाही विधी पदवीधर लागतात.

न्यायाधीश व्हायचं असेल तर मात्र नीट वाचा: सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालानुसार दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान 3 वर्षांची वकिली हवी. ती वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात, म्हणून पदवी हाती येताच बार कौन्सिलकडे (वकिलांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी करा.