विजेच्या तारांवरून इंटरनेट आणि रेडिओवाल्यांची डोकेदुखी

घरात वीज येते त्याच तारांमधून इंटरनेटही आणायचं, वेगळी केबल टाकायचीच नाही, या पद्धतीला ब्रॉडबँड ओव्हर पॉवर लाइन म्हणजे बीपीएल म्हणतात (दारिद्र्यरेषेवालं बीपीएल वेगळं). ऐकायला एकदम भारी वाटतं, तारा तर आधीच सगळीकडे पोचल्यात मग खोदकाम कशाला. २००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत याचा बराच गाजावाजा झाला आणि तिथल्या हॅम लोकांशी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांशी, चांगलंच जुंपलं.

तारेतली वीज असते ५० किंवा ६० हर्ट्झची. तिच्यावरच डेटाचा सिग्नल चढवतात, तो मात्र मेगाहर्ट्झमधला, अमेरिकेच्या नियमांत साधारण १.७ ते ८० मेगाहर्ट्झ. दोघांत इतकं अंतर असल्यामुळे मॉडेमला ते वेगळे करायला काही अडचण येत नाही. ट्रान्सफॉर्मर मात्र वरचा सिग्नल धड पुढे जाऊ देत नाही, मग त्याला वळसा घालायला कपलर लावा, सिग्नल वाटेत मरतो म्हणून ठरावीक अंतरावर रिपीटर लावा, असं करत करत तो 'फुकटात मिळालेल्या तारां'चा फायदा बराच आटतो.

खरी गोम पुढे आहे. टेलिफोनच्या जोडतारेला पीळ असतो, त्यामुळे दोन तारांमधून बाहेर पडणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्यापैकी मारतात, आणि टीव्हीच्या केबलला जाळीचं आवरण असतं. खांबावरच्या विजेच्या तारांना यातलं काहीच नाही, त्या उघड्या, एकमेकींपासून लांब आणि जागोजागी फाटे फुटलेल्या. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरींची लांबी असते १०० ते १० मीटर आणि तारांचे तुकडेही साधारण त्याच मापाचे, म्हणजे न ठरवता आख्ख्या वस्तीवर अँटेना टांगल्यासारखं झालं! नेमका हाच पट्टा शॉर्टवेव्हचा. वातावरणात खूप वर असलेल्या विद्युतभारित थरावरून, म्हणजे आयनावरणावरून, परतून सिग्नल खंड ओलांडून जातो तो इथेच, त्यामुळे ७, १४, २१ मेगाहर्ट्झला हॅम बसलेले असतात, शिवाय परदेशी प्रसारण, जहाजं, विमानं, लष्कर. हजारो किलोमीटरवरून आलेला आवाज मुळातच क्षीण, त्यात शेजारच्या खांबावरून खरखर-टकटक सुरू झाली की संपलंच. उलटाही त्रास होतो, जवळच्या हॅमने ट्रान्समिट केलं की कुणाचं तरी इंटरनेट अडखळतं.

ब्रिटनमध्ये १९९७ साली नॉर्टेल आणि नॉरवेब या कंपन्यांनी अशी योजना जाहीर केली होती, ती १९९९ मध्ये गुंडाळली. अमेरिकेत एफसीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २००४ मध्ये नियम केले. विनापरवाना उपकरणाने परवानाधारकाला घातक व्यत्यय आणायचा नाही हे तत्त्व आधीपासून होतंच, त्यात भर म्हणजे तक्रार आली तर ती फ्रिक्वेन्सी टाळता आली पाहिजे, याला नॉच म्हणतात, आणि गरज पडली तर यंत्र दुरून बंद करता आलं पाहिजे. कागदावर ठीक, पण आवाज नेमका कुठून येतोय ते शोधून तक्रार करत बसायचं काम ज्याला त्रास झाला त्याच्याच गळ्यात पडलं, हे काही बरोबर नव्हतं.

मग हॅमची संघटना अमेरिकन रेडिओ रिले लीग कोर्टात गेली. वाद बघा कशावर होता: तारेपासून अंतर दहापट झालं की सिग्नल किती घटतो. एफसीसीचा हिशोब ४० डेसिबलचा (डेसिबल हे सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप), हॅम म्हणत घट त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे जवळ मोजून ४० च्या हिशोबाने लांबचा आकडा काढला की कागदावर सगळं शांत दिसणार. एप्रिल २००८ मध्ये कोर्टाने एफसीसीला फटकारलं, कारण अभ्यासातली काही पानं झाकून ठेवली होती आणि ४० चा आकडाही नीट समजावला नव्हता. २०११ मध्ये एफसीसीने आकडा तोच ठेवला, नॉच मात्र जास्त खोल करायला लावले, म्हणजे टाळलेल्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल आणखी दाबायला लावला.

तोवर धंदाच बसला होता. व्हर्जिनियातल्या मनासस शहराने २००५ मध्ये शहरभर सेवा सुरू केली, २०१० मध्ये बंद केली. हॅमनी हरवलं असं म्हणायला आवडेल पण तेवढंच कारण नव्हतं, टेलिफोनच्या तारेवरचं डीएसएल, केबल, फायबर यांच्या वेगापुढे हे टिकलंच नाही.

घरातल्या घरात प्लगमधून नेटवर्क नेणारे होमप्लगसारखे अडॅप्टर मात्र टिकले. त्यांच्यात हॅम बँड सहसा कारखान्यातच गाळलेले असतात, बाकी शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्याला तेवढं संरक्षण मिळत नाही. स्मार्ट मीटरही तारेवरून बोलतात, पण बहुतेक ५०० किलोहर्ट्झच्या खाली, त्यामुळे शॉर्टवेव्हवाल्यांचं त्यांच्याशी फारसं भांडण नाही.